बबनरावांची ढोलकी आणि निळी फीत

मी एक जुना स्पीकर आहे, पण मला टेबलावरचा चिमुकला डबा समजू नका हं! मित्रांनो, मी जमिनीवर उभा राहतो, चांगला मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खिडकीच्या डाव्या बाजूला मी आणि उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ. आज माझा जीव भांड्यात पडला आहे, म्हणून तुम्हाला सगळं सांगायला बसलो आहे. बसलो कसला, उभाच आहे!

आम्हाला या घरात आणलं बबनरावांनी. ते मूळचे नागपूरचे. नोकरी केंद्र सरकारची आणि जीव ढोलकीवर. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात त्यांच्या पत्नी कमलाबाई गायच्या आणि ते साथ करायचे. एका वर्षीच्या गाण्याची कॅसेट खिशात घालून दोघं दुकानात आले. दुकानदार चकचकीत जोड्या दाखवत होता. बबनराव मात्र डोळे मिटून ऐकत होते. "छे! यात माझी ढोलकी पत्र्यासारखी वाजते," असं म्हणत त्यांनी चार जोड्या नापास केल्या. मग आमची पाळी आली. धुम्म! बबनरावांनी डोळे उघडले आणि दुकानदाराला म्हणाले, "बस, यही!" तेव्हा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर वायर जोडायच्या दोन जागा आहेत, एक लाल आणि एक काळी. वायरीची दोन्ही टोकं दिसायला सारखीच. चूक होऊ नये म्हणून लाल जागी जाणाऱ्या टोकाला बबनरावांनी जयंतीच्या सजावटीतली निळी फीत बांधली होती.

पुढे बबनराव वारले. त्यानंतर दर रविवारी सकाळी कमलाबाई आमच्या समोर खुर्ची टाकून बसायच्या आणि त्यांचा मुलगा बुद्धभूषण तेच गाणं लावायचा. त्या रडायच्या नाहीत. उलट दुसऱ्या कडव्याला बोट उचलून म्हणायच्या, "इथे घाई केली बघा यांनी!" चाळीस वर्षांचा संसार, सवय थोडीच जाते!

यंदा घराला सफेदी करताना आमच्या वायरी काढल्या आणि माझ्या फितीवर रंग सांडला. निळी फीत अशी पायाशी मळलेली कमलाबाईंना बघवेना. त्यांनी ती सोडली, धुतली आणि भिंतीवरच्या ढोलकीला बांधून ठेवली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. बुद्धभूषण कचेरीत सही करण्याआधी तीनदा कागद वाचणारा माणूस, पण घरी त्याने माझी वायर अंदाजाने जोडली. आणि नेमकी उलटी!

आता भाऊ आवाज पुढे ढकलायचा, तेव्हा मी मागे ओढायचो. पाळण्याला एकाने झोका द्यावा आणि दुसऱ्याने समोरून अडवावा, तसं झालं. गाणं ऐकू यायचं, पण ढोलकीचा धुम्म पार नाहीसा झाला.

"भूषण, यांची ढोलकी कुठे गेली रे?" कमलाबाई घाबरून म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपले कान गेले. आठवडाभर त्या भिंतीवरच्या घड्याळाला कान लावून बघत होत्या. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अम्माजी, कान बिल्कुल ठीक हैं." झालं, मग सगळा दोष आमच्यावर! "आजी, हे खूप जुने झालेत यार. नवे घेऊ ना," नात मैत्री म्हणाली. खालून कबाडीवाल्याची हाक आली की माझ्या अंगातली लाकडं थरथरायची. सगळ्या घराचं गाणं माझ्या तोंडून निघतं, पण 'माझी वायर उलटी आहे' एवढं सांगायला मला तोंड नव्हतं!

शनिवारी दुकानातला मानस नवी जोडी घेऊन आला. सडपातळ, काळीभोर, चकचकीत. तो आमच्या वायरी काढायला वाकला, तोच कमलाबाई म्हणाल्या, "थांब बेटा. एक बार पुराने पे सुनने दे." जाणाऱ्याला निरोप द्यावा ना, तसं. गाणं सुरू झालं. मानसने कान टवकारले, माझ्या पाठीमागे पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"अंकल, ये वाला तो उल्टा लगा है!"

त्याने वायर नीट जोडली.

धुम्म!

कमलाबाई खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत राहिल्या. दुसरं कडवं आलं, त्यांनी बोट उचललं. "इथे घाई केली बघा यांनी," त्या म्हणाल्या आणि या वेळी मात्र ढसाढसा रडल्या. मग एकदम भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई! फीत तर मीच सोडली होती!" बुद्धभूषणने कपाळावर हात मारला. मानस पोहे खाऊन आपली नवी जोडी परत घेऊन गेला. जाताना बिचारा म्हणाला, "मैं तो बेचने आया था जी!"

मित्रांनो, घरातलं जुनं काही अचानक मुकं झालं, तर टाकून देण्याआधी एकदा वाकून त्याच्या पाठीमागे बघा. आम्हाला बोलता येत नाही हो! आज रविवार आहे. ढोलकीवरची फीत मैत्रीने पुन्हा माझ्या वायरीला बांधली आहे आणि कमलाबाई खुर्ची ओढताहेत. आता मला बोलायला वेळ नाही. बबनराव यायची वेळ झाली.