शिंप्याने आखलेली रेघ

आई आठ दिवसांसाठी येणार होती, परतीचं तिकीट काढूनच. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली, आणि आम्हाला ते कळलं चार दिवसांनी, तेही तिच्या शेजारणीकडून. "आता इकडेच राहा" म्हटलं की तिचं एकच पालुपद, "जावयाच्या घरात मी पसारा मांडणार नाही." मला ती कायमची इथे हवी होती. म्हणून मी मागची खोली रिकामी केली आणि नवऱ्याला बजावलं, समोरची एक भिंत अशी रंगवा की आईचा इथून पाय निघता कामा नये.

नवरा शिंपी. कापडावर तो दोऱ्याएवढी चूक खपवून घेत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. खाली कमरेइतका गडद हिरवा, वर सायीसारखा पांढरा आणि दोन्ही रंगांच्या मधोमध नक्षीची लाकडी पट्टी, असा बेत होता. समोरच्या सुतारमामांनी पट्ट्या पॉलिश करून दिल्या. "रंगारी कशाला हवाय?" म्हणत नवऱ्याने गळ्यातली टेप काढली, खडूने खुणा केल्या, त्या जोडून रेघ मारली. आधी वरचा रंग, तो वाळल्यावर चिकटपट्टी लावून खालचा. चिकटपट्टी सोलली तेव्हा कड इतकी स्वच्छ निघाली की मी त्याला चक्क टाळी दिली. मग त्याने पट्ट्या ठोकल्या.

दुपारी सुतारमामा बघायला आले ते दारातच थबकले. त्यांनी मान आधी डावीकडे कलवली, मग उजवीकडे.

"टेलरसाहेब, भिंत उताराला लागलीय की!"

मी चार पावलं मागे सरले. खरंच, पट्टी खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत चांगली चार बोटं खाली गेली होती.

"अहो, मोजलंत कुठून?" मी विचारलं.

"जमिनीपासून. दर फुटावर," नवरा म्हणाला. "घेरदार झग्याची खालची कड जमिनीपासूनच मोजतात. नाहीतर एका बाजूने लोंबतो."

"भिंत काय झगा घालून फिरायला जाणार होती?" सुतारमामा म्हणाले.

ही पूर्वी कपडे धुण्याची खोली. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला कोपऱ्याकडे उतार दिलेला. फरशी उतरली तशी रेघही तिच्यामागे निमूट उतरली. सुतारमामा पोट धरून हसत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पट्ट्या उपटायच्या तर तासाभरात आई दारात. मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. तो बिचारा हातात ब्रश घेऊन उभा, कानाच्या पाळीला हिरवा रंग. ते ध्यान बघून शेवटी मलाही हसू फुटलं.

आई आली. बॅग दाराशी ठेवून सरळ खोलीत गेली आणि भिंतीकडे बघत राहिली. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवलेली बाई ती. आम्ही तिघं तिच्यामागे दाराशी उभे.

"वाकडी आहे," आई म्हणाली.

"चुकलं, आई," नवरा म्हणाला, आणि झग्याची सगळी कथा त्याने काहीही न लपवता सांगितली.

आई हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग मोकळी, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की वेड्यासारखं रडूच आलं.

"जावईबापू," ती डोळे पुसत म्हणाली, "एकटीच उतरलीय म्हणून डोळ्यांत खुपते. उरलेल्या तिघींनाही असाच झगा शिवा. किती दिवस लागतील?"

"मंगळवारी देतो," नवरा दुकानातल्या सवयीने बोलून गेला.

"बरं. चारही भिंती होईपर्यंत मी काही इथून हलत नाही."

सुतारमामांना एकाएकी खोकला आला. वीस वर्षांत नवऱ्याचा एकही मंगळवार वेळेवर उगवलेला नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आईला फसवायचं माझ्या जिवावर आलं.

"आई, यांचा मंगळवार म्हणजे ना..."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "तुमच्या लग्नासाठी यांच्याकडे टाकलेला माझा ब्लाउज अजून यायचाय. बरं, माझं कपाट कुठलं?"