मागच्या भिंतीत दार पाडण्यासाठी अर्ज

अर्जदाराचा व्यवसाय: शिवणकाम.

घर कोठे आहे: तोंड पुढच्या गल्लीला, पाठ मागच्या गल्लीला.

मागच्या भिंतीत पूर्वी दार होते काय: होते. हिरवे.

ते बंद करण्याचे कारण (दोन ओळींत):

दोन ओळींत बसत नाही. पाठपोट लिहिते.

मागच्या गल्लीत माझी धाकटी जाऊ राहते. तिच्या कुंडीतलं रोप फुलतं. त्याच रोपाचं कलम माझ्याकडे मान टाकतं. सासूबाईही तिच्याकडेच. त्यांना चाकांची खुर्ची लागली तेव्हा मीच म्हटलं होतं, आमच्या गल्लीत फार खड्डे, तिकडेच बऱ्या तुम्ही. खड्डे दोन्हीकडे सारखेच होते.

यंदा नगरपालिकेकडे एकाच गल्लीच्या रस्त्यापुरते पैसे होते. जिथे जास्त दारं उघडतात तिथे रस्ता, असं ठरलं. ओव्हरसियर खडू घेऊन आले आणि दारांच्या माथ्यावर आकडे घालत गेले. पुढे बावीस, मागे तेवीस. मागचं तेविसावं दार माझं.

म्हणजे जावेला रस्ता मिळणार तो माझ्या दाराच्या जिवावर. आपलेच दात, आपलेच ओठ. नवरा म्हणाला, होऊ दे की, आपल्यालाही मागून दोन पावलांवर रस्ता. त्याचं काय जातं, त्याच्या भावाचंच घर ते.

मी गवंड्याला बोलावलं. चौकटीसकट दार काढलं, मागे विटा रचल्या आणि तेच दार पुढच्या भिंतीत, शिवणाच्या खोलीला, बसवलं. आता पुढे तेवीस, मागे बावीस. हरकत नोंदवली: फेरमोजणी व्हावी.

ओव्हरसियर आले. नव्या दारासमोर थांबले. वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा वर पाहिलं. माथ्यावर त्यांच्याच अक्षरात खडूने लिहिलेलं होतं: मागे २३. गवंड्याने पुसलं नव्हतं. मीही नाही.

"बाई, दार चालत आलं का?"

मग त्यांनी नियम सांगितला. एका गल्लीत एका घराचं एकच दार धरतात. म्हणजे पुढे बावीसच. आणि मागे आता तर विटाच, तिथेही बावीस. बरोबरी झाली. सभेत अध्यक्षबाईंनी एकच गोष्ट विचारली: चाकांची खुर्ची कुठल्या गल्लीत आहे?

रस्ता मागे झाला. पूर्वी खुर्ची खडीवर खडखडायची, भिंतीआडून कळायचं की जाऊ सासूबाईंना फिरवतेय. आता कान लावला तरी काही ऐकू येत नाही.

मागील बाजूच्या शेजाऱ्यांची हरकत आहे काय (सही आवश्यक):

सहीसाठी सगळा वळसा घालून गेले. माझे चिखलाचे पाय नव्या रस्त्यावर तिच्या उंबऱ्यापर्यंत उमटले. तिने आधी पायपुसणं दिलं, मग कागद घेतला. वाटलं, पुढच्या बाजूवर सही करून मोकळी होईल. तिने उलटला.

सासूबाई खुर्चीत होत्या. काय लिहिलंय गं थोरलीने, त्यांनी विचारलं. जावेने मोठ्याने वाचायला घेतलं. रोपाचं वाचलं आणि हसली. दार चालत आल्याचं वाचलं तेव्हा सासूबाईंना ठसका लागला. मी पायपुसण्याकडे बघत होते.

"ताई, कलम जगलं नव्हतं तर दुसरं मागायचं ना."

तिने सही केली. हरकत नाही, असंही लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

अधिक काही सांगावयाचे असल्यास:

खड्डे दोन्हीकडे सारखेच होते, ही ओळ तिने वाचली नाही. डोळ्यांनी वाचली, तोंडाने गाळली, आणि सासूबाईंना पत्ता लागू न देता पुढच्या ओळीवर गेली. तिच्या जागी मी असते तर तीच ओळ दोनदा वाचली असती.

हेही तिलाच जमावं.

दार लवकर पाडून मिळावे, ही विनंती.