एका डब्यात सहा माणसं

माझ्या बायकोचं, गीताबाईचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले आणि खर्डीच्या घरात मी एकटा राहिलो. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी भाताचं भांडं चुलीवर ठेवलं नव्हतं. रेल्वेत गँगमन होतो. मी रूळ सांभाळले, घर तिने सांभाळलं. ती गेली ब्लडप्रेशरने. माहेराहून, मुरबाडकडून आलेले वाल निवडत बसली होती, बसल्या जागी कलंडली. शहापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमचा मुलगा मुकेश कल्याणला राहतो. बोटींना शिधा पुरवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. मी चहा-बिस्किटांवर दिवस काढतोय हे बघून त्याने एक खोकं आणून दिलं. आत लंचन मीटचे डबे होते. कोंबडीचं मांस बारीक दळून, मीठमसाला घालून, डब्यात दाबून शिजवलेलं.

"बाबा, बोटीवरची माणसं म्हयनो न् म्हयने हेच खातात. झाकण उघडायचं, कापायचं, खायचं. चूल पेटवायला नको."

मला ते आवडलं. डबा उलटा केला की गुलाबी वडी अख्खी बाहेर यायची. दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी. शेजारची सारिका दोन भाकऱ्या द्यायची. रोज एक डबा संपायचा. खोकं संपलं की मुकेश दुसरं आणायचा.

तीन महिन्यांत पाय सुजले. चप्पल चढेना. मुकेशने शहापूरला मिताली डॉक्टरांकडे नेलं. वरचं प्रेशर एकशे बहात्तर निघालं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी विचारलं, "कमी म्हणजे किती?" मला आकडा लागतो. रुळांमधलं अंतर 'साधारण बरोबर' असून चालत नाही. त्या म्हणाल्या, पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, ते दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ.

घरी येऊन डबा बघितला. मी आठवी शिकलेला, इंग्रजी अक्षरं लावून वाचतो. सोडियम पाचशे सत्तर. दोन हजारांच्या खूपच आत. मी लोणचं, पापड, सुकट सगळं बंद केलं आणि निर्धास्त डबा खाल्ला. पुढच्या महिन्यात एकशे चौऱ्याहत्तर. गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या महिन्यात एकशे शहात्तर.

"काका, खरं सांगा," डॉक्टर म्हणाल्या, "चोरून काय खाता?"

"काय नाय. डब्यावर पाचशे सत्तर लिवलंय."

"मग हे वाढतंय कसं?"

मुकेश खाली बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आईचं पण असंच झालं. ती पण बोलायची, मी काय खात नाय. आता एक म्हयना. उतरलं नाय तर घराला कुलूप लावायचं आणि तुमी कल्याणला यायचं. मी आईला घालवली, तुमाला नाय घालवणार."

त्याच्यावर रागवायला जागा नव्हती. पण मला घर सोडायचं नव्हतं. तिची चूल, तिने लावलेला शेवगा, ती जिथे बसायची ती ओटीची कड. कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावर यातलं काय नेणार होतो? आणि दुसरी गोष्ट, मी खोटं बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ओटीवर बसलो आणि नुसतं सोडियम न बघता सगळे आकडे वाचले. प्रथिनं सात ग्रॅम, चरबी अकरा, पिठूळ पदार्थ तीन. बेरीज एकवीस. डब्याच्या पुढच्या बाजूला वजन लिहिलं होतं तीनशे चाळीस ग्रॅम. मग उरलेले तीनशे एकोणीस ग्रॅम काय आहे? पाणी? सुरीने कापावी लागते ती वडी एवढी पाण्याची? मग ती मांसाची नाही, काकडीची झाली.

बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली. तेव्हा तक्त्याच्या डोक्यावरची मुंगीएवढी ओळ डोळ्यांजवळ धरली. त्यात 'पर' होतं, म्हणजे 'दर'. तो शब्द रेल्वेत रोज यायचा. त्याच्यापुढे कसलातरी शब्द आणि छप्पन्न ग्रॅम. खालच्या ओळीत आकडा सहा.

मी वडी ताटात घेतली, तिचे सहा सारखे तुकडे केले आणि भगीरथच्या किराणा दुकानात गेलो. भगीरथ माझा जुना दोस्त. त्याच्याकडे आकडे दाखवणारा काटा आहे.

"तोलून दे."

"काय हाय ते? कोंबडी? अरे केरू, शनवार हाय आज! माज्या काट्यावर मटण ठेवतोस?"

"कागद टाक खाली."

"हा काटा बाटला तर गोमूत्र तू आणशील?"

"आणीन. तोल आधी."

तोंड वाकडं करत त्याने वर्तमानपत्र पसरलं, काटा शून्यावर आणला आणि बोट न लावता तुकडा सरकवला. छप्पन्न. दुसरा सत्तावन्न. तिसरा छप्पन्न.

"झालं काय तुला? हसतोस काय येड्यासारखा?"

"भग्या, हे पाचशे सत्तर एका तुकड्याचं हाय. डबा सहा माणसांचा. खाणारा मी एकटा."

त्याने गणकयंत्र पुढे ओढलं. सहा गुणिले पाचशे सत्तर, तीन हजार चारशे वीस. चरबी सहासष्ट ग्रॅम. भगीरथ शनिवार विसरला आणि डबा हातात घेऊन वाचायला लागला.

"आयला! आणि आमी समजतो तू चोरून सुकट खातोस."

मी त्याच्याकडूनच पस्तीस ग्रॅम मीठ तोलून घेतलं. दिवसाला पाच ग्रॅम, आठवड्याची एक पुडी. उरलेलं खोकं माळ्यावर टाकलं आणि चूल पेटवली. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी मुगाची आमटी एवढी पातळ झाली की तळाचा मूग मोजता आला असता. सारिकाला विचारून विचारून शिकलो. वाल, अंडी, शेवग्याची भाजी, नाचणीची भाकरी. गीता मीठ चिमटीने टाकायची, तिची चिमूट कधी चुकली नाही. माझी रोज चुकायची, म्हणून मी पुडीतून चमच्याने मोजायचो. मोजताना ती आठवायची आणि जेवण राहून जायचं. मग थंड झालेलं खायचो. पण खायचो.

महिना झाला. मुकेश आला तो रिकामी बॅग घेऊनच. माझे कपडे भरायला. चप्पल पायात सहज गेली, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी पट्टा बांधला. हवा सोडली. पुन्हा बांधला.

"एकशे चौतीस," त्या म्हणाल्या. "वजन चार किलोने उतरलंय. पायावर सूज नाही. गोळी तीच ना?"

"तीच."

"मग केलंत काय?"

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. बोट त्या बारीक ओळीवर. "मॅडम, मी खोटं नव्हतो बोललो. आकडा बरोबर होता. तो एका तुकड्याचा होता. मी रोज सहा खायचो."

त्यांनी डबा खिडकीकडे धरून वाचला. दोनदा वाचला.

"तुम्ही पाचशे सत्तर म्हणालात आणि मी ते ऐकून घेतलं. डबा मागायला हवा होता. चूक माझी, काका."

डॉक्टर स्वतः 'चूक माझी' म्हणतो, हे मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर मला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, हे काय सांगतात ते ऐका. पंधरा-वीस माणसं होती. मी ताठ उभा राहिलो आणि गँगला हाक मारायचो त्या आवाजात सगळं सांगितलं. तुकडा, डबा, सहा. एका बाईने पिशवीतून शेवेचं पाकीट काढून उलटं केलं आणि शेजारणीला म्हणाली, "गो, चष्मा दे तुजा." हसू पसरलं. गीता तिथे असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. त्या दिवशी तेवढं एकच कमी होतं.

मुकेश भिंतीला टेकून उभा होता. "बाबा, डबे मीच आणले," तो म्हणाला. "रोज आमच्या हातातून जातात. मी एकपण कधी वाचला नाय."

"तू उपाशी बापासाठी आणलेस. वाचायचं काम माजं होतं."

आम्ही खर्डीच्या जीपमध्ये बसलो. मुकेशच्या बायकोचा, रश्मीचा फोन आला.

"नाय," मुकेश म्हणाला, "बाबांची खाट लावू नको. बाबा नाय येत... अगं बरे हायेत. एवढे बरे हायेत की डॉक्टरला शिकवून आले." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "ती विचारते, रविवारी आमी आलो तर जेवायला काय?"

"वाल," मी म्हणालो. "आणि मीठ मी टाकेन तेवढंच."