बायांची चरवी

सकाळी धार काढताना गोठ्यात कुणी मोठ्यानं बोललेलं सुंदररावांना खपत नसे. गाय पान्हा चोरते म्हणून. माजलगाव धरणाचं पाणी या गावाला मिळालं, तसा ऊस आला आणि उसाच्या वाढ्यावर, त्या हिरव्या शेंड्यांवर, पोसायला त्यांच्या दारात सहा संकरित गायी आल्या. पंचक्रोशीत त्यांच्या दुधाचं नाव होतं. "दुदात पानी घालनाऱ्याचं थोबाड बगू न्हाई," असं ते चारचौघांत ठणकावून सांगत. आणि खरंच, उभ्या जन्मात त्यांनी दुधात थेंबभर पाणी घातलं नाही.

घालायची गरजच नव्हती हो!

कासेतून आधी येणारी धार पातळ असते, शेवटची दाट, सायीची. धार काढणाऱ्या घराला हे सांगावं लागत नाही. सुंदररावांच्या घरात त्याची रीतच पडून गेली होती. पहिल्या धारा पितळेच्या चरवीत. तिला घरात 'बायांची चरवी' म्हणत. मधलं दूध डेअरीच्या कॅनमध्ये. आणि शेवटचं, कास निपटून काढलेलं, तांब्यात. तो तांब्या सुंदररावांचा आणि त्यांचा मुलगा राम याचा. "गडी मानूस रानात राबतो," ही सबब. बाया जशा काही दिवसभर पाळण्यात झोका घेतात! सासू सत्यभामाबाईंनी ही रीत चाळीस वर्षं पाळली, आणि सून सत्यशीला मांजरसुंब्याहून या घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिच्या हातात ती चरवी दिली.

यंदा कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला आणि गायींपुढं नुसतं वाढं पडू लागलं. पेंड बंद, लसूणघास बंद, खनिज मिश्रणाची पिशवी कोपऱ्यात तशीच. नुसत्या वाढ्यावर जनावर सकस दूध कुठून देणार? डेअरीवर दुधाची प्रत उतरली. मग सुंदररावांनी डोकं चालवलं. पातळ धारा जास्त वेळ चरवीत काढायच्या, म्हणजे कॅनमधलं दूध सावरतं. चरवी काठोकाठ भरू लागली. एवढं पातळ दूध घरातल्या बाया तरी किती पिणार? उरलेलं गल्लीतल्या चतुराबाईला विकायचं ठरलं, पुऱ्या भावानं.

चतुराबाईची लेक बाळंतपणात गेली. तिची पोर, धनश्री, आता सव्वा वर्षाची. आजी रोज अर्धा लिटर नेई आणि जाताना गोठ्याला हात जोडे. सत्यशीला माप भरून देई, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नसे. एकदा तिनं नवऱ्यापाशी विषय काढला होता. राम म्हणाला, "तू कावून नाक खुपसतीस? पानी तर न्हाई ना घालत आपुन?" ती गप्प बसली. गप्प बसणं तिला लवकरच अंगवळणी पडलं, हेही सांगितलं पाहिजे.

त्या सकाळी चतुराबाई आली ती धनश्रीला काखेत घेऊन, आणि मागोमाग अंगणवाडीच्या वनमालाबाई. धार नुकतीच संपली होती.

"सुंदरराव, या पोरीचं वजन चार म्हैने झालं हललं न्हाई," वनमालाबाई म्हणाल्या. "अर्दा लिटर दूद पिनारं लेकरू असं काटकुळं? ही एकतर पानी घालती, न्हाईतर दूद परस्पर इकती. मी हिच्या जावयाला फोन करनार. त्यानं दुसरं लगीन केलंय, नेऊ द्या त्याला त्याची पोर."

"भाऊ, तुमी सांगा ओ," चतुराबाई म्हणाली. "पोर न्हेऊ देऊ नका. म्या पानी घालीत न्हाई."

सुंदररावांचा आवाज चढला. गायी बिचकल्या. "माज्या गोठ्यातून पान्याचा थेंब जात न्हाई, अख्ख्या गावाला ठावं हाय! घरी गेल्यावर ही काय करती, त्याला आमी काय करावं?"

चतुराबाई एवढीशी झाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "भांडं इसळल्यावर तळाला पानी ऱ्हात आसंल का? म्हातारपनी ध्यानात येत न्हाई."

ज्या बाईनं काही केलं नाही ती स्वतःचाच गुन्हा शोधत होती, आणि जिला सगळं ठाऊक होतं ती बाजूला उभी! सत्यशीलेनं एका हातात चरवी उचलली, दुसऱ्यात तांब्या.

"मामा, पानी कुनीच घातलं न्हाई. चला डेअरीवर."

"सूनबाई, खाली ठिव ते!" सत्यभामाबाई ओरडल्या.

"आत्या, इतके म्हैने हे माप म्या भरलंय. मला बी लाज वाटू द्या की."

डेअरीवर रांग होती. मशीनवर बसणाऱ्या प्रवीणनं आधी चरवीतलं दूध तपासलं. फॅट एक पूर्णांक चार. मग तांब्यातलं. सात पूर्णांक दोन.

"वैनी, हे दोन येगळ्या गायींचं हाय का?"

"एकाच गोठ्याचं, त्याच गायींचं. पयलं बायांचं, शेवटचं बाप्यांचं. आन् बायांचं उरलं की चतुरामावशीच्या नातीचं."

रांगेत कुणी हसलं नाही. कसं हसणार? त्यातल्या बहुतेकांच्या घरी असं एक भांडं होतंच. वनमालाबाईंनी हातातली वही मिटली. त्यांच्याही सासरी होतं.

मागून आलेले सुंदरराव हे सगळं ऐकत उभे होते. त्यांनी सुनेच्या हातातला तांब्या घेतला आणि चतुराबाईपुढं धरला. "घ्या. पोरीला पाजा. पैसे नगं."

"फुकटचं नगं, भाऊ," ती म्हणाली. "समद्या धारा एका भांड्यात कालवा आन् त्यातलं अर्दा लिटर द्या. पैसं घ्या. पन आदी बाईंस्नी सांगा, पानी म्या घातलं न्हवतं म्हनून."

सुंदरराव खाली बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हना. मगाशी मोठ्यानं म्हनला व्हता."

सुंदरराव वनमालाबाईंकडे वळले. "चतुराबाईनं पानी घातलं न्हवतं," ते म्हणाले. "चोरी माज्या घरची हाय." रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, आणि त्या रांगेतल्या एकाही बाप्याला आपल्या हातातल्या कॅनवरून नजर उचलता आली नाही.