नाव नसलेला हुकूम

मी एक जुना फौजी टेलिफोन आहे. मतमोजणीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात एकही गोळी सुटली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. तसा काही प्रसंग घडलाच नाही, असं चौकशी समितीनं एकमतानं ठरवलं आहे.

मित्रांनो, हिरवी पेटी, एक हँडल आणि एक रिसीव्हर घेऊन मी कारखान्यातून थेट फौजेत आलो. पहिली बारा वर्षं माझ्यातून मुख्यतः बटाटे कमी पडल्याच्या तक्रारी गेल्या. एकदा पुरात माझ्यामुळे चाळीस माणसं वाचली. तेव्हा जनरलसाहेबांनी मला थोपटलं. पुढे तीन वर्षं कुणी माझ्यावरची धूळही पुसली नाही.

त्या दिवशी मेजरसाहेबांची तुकडी शाळेवर पहाऱ्याला होती. आत मतं मोजत होते आणि मंत्री हरत होते. बाहेर लोक निकालासाठी ताटकळत उभे होते. दुपारी मी वाजलो. पलीकडे कर्नलसाहेब, नात्यानं मेजरांचे साडू.

"मतपेट्या ट्रकमध्ये घाल. लोक आडवे आले तर गोळी चालव."

"हुकूम कुणाचा, सर?"

"वरून आलाय."

"नोंदवहीत देणाऱ्याचं नाव लागतं. तुमचं लिहू?"

"माझं कशाला? मी नुसता निरोप्या. अरे, नात्यातला ना तू?"

"नातं घरी, सर. इथे रकाना आहे."

"कोर्ट मार्शल होईल, कळतंय का?"

"कळतंय. ते कुणाच्या सहीनं होईल, तेही विचारून ठेवा."

आवाज शांत होता, पण तळहात घामानं ओला होता. मला ठाऊक आहे, कारण साहेब मलाच धरून होते.

कर्नल नाव शोधायला गेले. जनरल म्हणाले, सचिवांचं लिहा. सचिव म्हणाले, मंत्र्यांचं लिहा. मंत्री म्हणाले, मी लोकशाही मानतो, माझं नाव कशाला? तेवढ्यात मोजणी आटोपली आणि मंत्री पडले.

मग मेजरांनी हुकूम मोडला अशी कर्नलांनी तक्रार केली आणि चौकशी बसली. हुकूम आला म्हणावं तर नाव लागतं, आलाच नाही म्हणावं तर कर्नल खोटे पडतात. शेवटी मी बिघडलो होतो, असं निघालं. साहेबांनी त्याखाली सही केली. त्यांनाही बायकामुलं आहेत. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

आता मी गोदामात आहे. दमलोय, मित्रांनो. तारेतून काय जातं, याचा विचार मी कधी केला नाही. मला मेंदूच नाही. साहेबांना होता आणि त्यांनी तो वापरला, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

सबब नम्र विनंती, की सदर टेलिफोन त्या दिवशी चालू होता व मेजरसाहेबांना सर्व काही स्वच्छ ऐकू आले होते, अशी नोंद व्हावी. तसेच ऐकूनही न पाळल्याबद्दल त्यांना शाबासकी देण्यात यावी. दोन्ही मागण्या एकाच कागदावर मंजूर कराव्यात. दुसरी नामंजूर झाल्यास पहिली केलीच नव्हती असे समजावे.