दडवलेलं लोह

ताईंचं औषधांचं दुकान तीस वर्षांचं. गल्लीत कुणाचा चेहरा जरा पांढरा दिसला की लोहाच्या औषधाची बाटली त्याच्या हातात पडलीच म्हणून समजा. त्यामुळे न्यूमोनियाने आयसीयूत पडलेल्या धाकट्या भावाच्या रिपोर्टवर रक्तातलं लोह फारच कमी असल्याचं वाचल्यावर त्या तडक डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चार दिवस माझा भाऊ नळ्यांवर पडलाय, अंगात लोह नाही, आणि तुम्ही साधं इंजेक्शनसुद्धा देत नाही?"

डॉक्टरीणबाई ताईंच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी खुर्ची पुढे सरकवली. "लोह कुठे गेलेलं नाही, ताई. शरीरानेच दडवून ठेवलंय. जंतूंनाही वाढायला लोह लागतं ना! दुकानात चोर शिरले, तर कपाटाची किल्ली तुम्ही त्यांच्या हातात द्याल का? एवढ्या आजारात रक्तात लोह वाढलेलं दिसलं असतं, तर मी जास्त घाबरले असते."

तीस वर्षांत हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या फणकाऱ्याने बाहेर आल्या, भावजयीशेजारी बसल्या, आणि जरा वेळाने त्यांना हसूच फुटलं. "अगं, याचा स्वभावच तो! लहानपणी खाऊ असा लपवायचा, की आईला सापडायचा नाही आणि मलाही नाही."

"अजून तेच," भावजय म्हणाली. "बिस्किटं बुटांच्या खोक्यात असतात." चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

मग ताई रोज सकाळी रिपोर्टसाठी नर्सच्या मागे लागू लागल्या. ताप उतरला. कमी ऑक्सिजनवर भागू लागलं. आठव्या दिवशी लोहाचा आकडा वर सरकला, तोही कुणी थेंबभर न देता! चोर पळाले, कपाट उघडलं. ताईंनी नर्सला अशी मिठी मारली की तिची टोपीच वाकडी झाली.

त्याच दुपारी भावाच्या घशातली नळी काढली. बस चालवणारा माणूस, एरवी आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा. आता नुसती फुसफुस. ताईंनी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"काय हवंय रे?"

"जरा... बाजूला हो. ही दिसत नाहीये."

"मेल्या, आठ दिवस जागं कोण राहिलं?" म्हणत ताईंनी डोळे पुसले आणि भावजयीला पुढे ढकललं. तिने त्याचा हात गालाला लावला. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा मास्क लावल्या तोंडाने हसत टाळ्या वाजवू लागले, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुळीच अडवलं नाही.