समोर येऊन सांगा

क्लबचं पेज सांभाळणाऱ्या बाईने खुर्ची टेबलाला लावली, थंड झालेला चहा बाजूला सारला आणि पहिलं उत्तर टाइप केलं. 'गुरुवारी सकाळी आठला सराव आहे. जे लिहिलंत ते त्याला समोर येऊन सांगा.' पाठवलं. मग दुसऱ्याला तेच. मग तिसऱ्याला.

क्लबात तिला सगळे पेजवाली म्हणत. सामन्याचे फोटो टाकायचे, निकाल टाकायचा, चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची हे तिचं काम. रविवारपासून प्रश्न मात्र कोणी विचारत नव्हतं. उपान्त्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला सरळ हातात आलेला चेंडू गोलकीपरच्या पायांमधून जाळ्यात गेला आणि क्लब स्पर्धेबाहेर फेकला गेला. चौदा सेकंदांच्या त्या क्लिपला कोणीतरी बॅंडबाजाचं संगीत लावलं होतं. क्लबच्या पानाखाली शिव्यांचा खच पडला होता. आई-बहिणीवरच्या तिने काढून टाकल्या, बाकीच्या ठेवल्या.

"बंद करून टाक कॉमेंट्स," सेक्रेटरी दारातूनच म्हणाले. "दोन दिवसांत लोक विसरतील."

"सर, इथे बंद केलं तर ते त्यांच्या ग्रुपवर बोलतील. तिथे उत्तर द्यायला आपलं कोणी नाही."

"आणि खरंच आले तर? डोकी फिरलेली माणसं आहेत ती."

"येऊ देत. मी फाटकावर उभी राहते."

"तू काय करणार आहेस?"

"नावं विचारीन. खरी."

सेक्रेटरींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "गुरुवारपर्यंत. काही बिनसलं तर तुझ्या गळ्यात."

तिने गोलकीपरला आधीच विचारलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत तो बेसिनमध्ये हातमोजे धूत होता. बावीस वर्षांचा पोरगा, पण दोन दिवसांत खांदे म्हाताऱ्यासारखे पडले होते.

"वाचतोस का रे?"

"मी नाही वाचत, ताई. आई वाचते. काल विचारत होती, ते चाळणी चाळणी कोणाला म्हणतात."

पेजवालीने वाहता नळ बंद केला.

"बोलावू का त्यांना इथे?"

त्याने मोजे पिळले, झटकले, पुन्हा पिळले.

"बोलवा," तो म्हणाला. "काय ते तोंडावर तरी बोलतील."

दोन दिवसांत तिने तीनशे साठ जणांना उत्तरं दिली. बोटं भरून आली. काहींनी हसणारे चेहरे पाठवले, काहींनी आणखी दोन शिव्या हासडल्या. एकाने विचारलं, 'आलो तर चहा मिळणार का?' तिने लिहिलं, 'मिळेल. बिनसाखरेचाही.'

गुरुवारी अकरा जण आले.

फाटकावर वही धरून ती एकेकाचं नाव लिहून घेत होती. 'हाताला लोणी लावलंय' असं लिहिणारा पंखे दुरुस्त करणारा निघाला. खरं नाव सांगताना त्याचा आवाज खाली गेला. 'हाकला याला' लिहिणाऱ्याने क्लबची जर्सी घातली होती. दोघेही गोलकीपरजवळ गेले आणि फोटो काढून बाजूला झाले. त्यांच्यामागून तिसरा आला, चौथा आला. एकाने तर पाठीवर सही मागितली. गोलकीपर प्रत्येकाकडे बघत उभा राहायचा, आता बोलेल, मग बोलेल. पण सगळे मूग गिळून बसलेले. पेजवालीच्या हातातलं पेन वहीवर जोरात रुतत गेलं.

शेवटी एक पंचावन्नच्या बाई पुढे आल्या. खांद्याला शबनम, केसांत पांढरी रेघ. शाळेत गणित शिकवत होत्या, दुसऱ्या तासाला पोचायचं होतं.

"चाळणी मी लिहिलं," त्या म्हणाल्या.

पेजवालीने वही चाळली. चाळणी लिहिणारा, 'कोपऱ्यातला वाघ' या नावाने पानावर गुरगुरणारा इसम कोणी मिशाळ तरुण असणार, अशी क्लबातल्या सगळ्यांची खात्री होती.

"बरं," गोलकीपर म्हणाला.

"शब्द वाईट वापरला मी. चूक मात्र झाली आहे. ती क्लिप मी पस्तीस वेळा पाहिली. तुझे हात चुकले नाहीत. चेंडू हातात यायच्या आधीच तू पुढे कुठे फेकायचा ते बघायला मान वळवलीस."

मग त्याने हात समोर धरले, मान उजवीकडे नेली आणि तिथेच थांबला.

"चार दिवस मी हातांचाच सराव करतोय," तो सावकाश म्हणाला.

"मग आता मानेचा कर."

त्याने जाळ्यातला चेंडू उचलून त्यांच्याकडे दिला. "टाका."

बाईंनी शबनम गवतावर ठेवली आणि चेंडू टाकला. त्याने पकडला. दुसरा टाकला. "मान," त्या म्हणाल्या. तिसऱ्यालाही "मान". बाकीचे दहा जण कडेला उभे राहून बघत होते. एकाचाही फोन बाहेर नव्हता. विसाव्या चेंडूनंतर त्यांनी घड्याळ पाहिलं, शबनम उचलली आणि निघाल्या.

दुपारी सेक्रेटरी खुशीत होते. "फोटो टाक सगळे. खाली लिही, चाहत्यांचं अलोट प्रेम."

"तसं झालं नाही, सर."

तिने एकही फोटो टाकला नाही. लिहिलं, 'आज अकरा जण आले. दहा जणांनी फोटो काढून घेतले. एका बाईंनी चूक दाखवली. ती सुधारायला वेळ लागेल.' सेक्रेटरींनी खांद्यावरून वाचलं, ओठ मुडपले आणि आपल्या खोलीत गेले.

चारच्या सुमाराला ते परत आले, फोन हातात घेऊन.

"लोणी गेलं, हाकला गेलं. काढल्यास शेवटी. बरं केलंस."

"मी हात नाही लावला."

"मग?"

"ज्यांच्या होत्या, त्यांनीच काढल्या असतील. सकाळी फोटो काढून गेलेल्या दहाही जणांच्या गेल्यात."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "चाळणी आहे की अजून."

"आहे."

"आणि ही कोण? इथे तर तो वाघ होता."

पेजवाली पुढे झुकली. शब्द तेच होते, एकही बदललेला नव्हता. वाघाचं चित्र मात्र गेलं होतं. त्या जागी ओळखपत्रावर असतो तसा एक न हसणारा फोटो होता, आणि शेजारी बाईंचं नाव होतं. आडनावासकट.